फ्लॉपीच्या केबलला पीळ असतो तो कशासाठी? जुनी सव्वापाच इंची ड्राइव्ह जोडायची आहे

रामबागकर
थेट प्रश्न विचारतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या चपट्या राखाडी केबलमध्ये एका टोकाजवळ मधल्या काही तारा वेगळ्या काढून उलट्या पिळलेल्या दिसतात. हा पीळ कारखान्यातच मुद्दाम दिलेला असतो की नंतर कोणी केलेली दुरुस्ती?

पार्श्वभूमी अशी. इंदूरला आमच्या काकांचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, दुकान होतं. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, कविसंमेलनांची पत्रकं, सगळं तिथेच जुळायचं. दुकान कधीच बंद झालं, पण ३८६ चा डबा आणि फ्लॉप्यांची खोकी घरात जपून ठेवलेली आहेत. मदरबोर्डवरची बॅटरी गळून आजूबाजूचं तांबं हिरवं पडलंय, त्यामुळे तो चालू होणार नाही. ड्राइव्ह मात्र दोन्ही दिसायला ठणठणीत आहेत: एक सव्वापाच इंची १.२ एमबीची, एक साडेतीन इंची १.४४ ची. माझ्याकडे पेंटियम ४ चा एक जुना पीसी चालू आहे आणि त्याच्या बोर्डावर फ्लॉपीची ३४ पिनांची जागा आहे.

जेल रोडवर एका दुकानात केबल दाखवली, तर तिथला मुलगा म्हणाला, "ही खराब झाली आहे, सरळ केबल घ्या." आणखी एकाने सांगितलं की ड्राइव्हवरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) बदला. अजून काहीही चालू केलेलं नाही. आधी समजून घ्यायचं आहे, कारण खोक्यात मिलच्या झाँक्यांवर (अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या देखाव्यांवर) काकांनी लिहिलेले लेख आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

चुंबक
पीळ मुद्दाम आहे. ती केबल जपून ठेवा, सरळ केबल घेऊ नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

जेलरोडवाला
दुकानातल्या त्या पोराचं वय वीस असेल भिया, त्यानं फ्लॉपी फक्त सेव्हच्या चिन्हात पाहिली असणार. त्याला माफ करा आणि चुंबकदादांची संध्याकाळ होऊ द्या.

नीलिमा_आर
वाट बघत्येय. माझ्या वडिलांच्या फ्लॉप्या याच अवस्थेत आहेत.

चुंबक
झाली संध्याकाळ. थोडं लांबेल, पण हे एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

३४ तारांपैकी विषम क्रमांकाच्या सगळ्या तारा ग्राउंड. काम करतात त्या सम क्रमांकाच्या. ही मांडणी शुगार्ट कंपनीची. १९७६ च्या एसए४०० या सव्वापाच इंची ड्राइव्हपासून ती चालत आली. शुगार्टच्या मूळ पद्धतीत एका केबलवर अनेक ड्राइव्ह ओळीने लावायच्या आणि प्रत्येकीवर जंपर लावून तिचा नंबर ठरवायचा. १० नंबरची तार म्हणजे पहिल्या ड्राइव्हची निवड, १२ म्हणजे दुसरीची, १४ तिसरीची. मोटर फिरवायची तार एकच, १६ नंबरची, सगळ्यांना मिळून. म्हणजे एकीची मोटर सुरू केली की सगळ्यांच्या फिरणार.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा हे बदललं. प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र मोटर-तार दिली आणि जंपरची कटकटच काढून टाकली. सगळ्या ड्राइव्ह 'दुसरी' म्हणून लावून पाठवायच्या. पीसी पहिल्या ड्राइव्हला ए म्हणतो, दुसरीला बी. मदरबोर्डाच्या बाजूला १० म्हणजे ए ची मोटर, १२ म्हणजे बी ची निवड, १४ म्हणजे ए ची निवड, १६ म्हणजे बी ची मोटर. केबलच्या मधल्या कनेक्टरपर्यंत तारा सरळ येतात. तिथली ड्राइव्ह १२ वर निवड ऐकते, १६ वर मोटर ऐकते, म्हणून ती बी. मधल्या कनेक्टरच्या पुढे १० ते १६ या सात तारा उलट्या होतात. १० ची १६ झाली, १४ ची १२ झाली. शेवटची ड्राइव्हसुद्धा १२ आणि १६ वरच ऐकते, पण तिला ऐकू येतात ए चे संदेश. दोन्ही खोल्यांवर नंबर एकच आहे, पोस्टमन मात्र वेगळ्या जिन्याने चढतो.

म्हणून नियम एवढाच: पीळ असेल तर जंपरला हात लावायचा नाही. पिळाच्या पुढे जी लावाल ती ए, अलीकडे जी लावाल ती बी.

वीजतंत्री
चुंबक यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण सरळ केबल अगदीच निरुपयोगी नाही. सरळ केबलवर जंपर बदलून ड्राइव्ह ए करता येते की. निवडीची १४ नंबरची तार आहेच, जंपर तिसऱ्या जागेवर टाका.

चुंबक
@वीजतंत्री, निवड होईल, दिवाही लागेल, पण मोटर फिरणार नाही. ड्राइव्ह मोटरचा संदेश १६ वर शोधते आणि सरळ केबलवर १६ ला बी ची मोटर आहे. ए ची मोटर १० वर येते, तिथे ड्राइव्ह बघतच नाही. निवडीसाठी जंपर असतो, मोटरसाठी बहुतेक ड्राइव्हवर नसतो.

वीजतंत्री
बरोबर, मोटरचा मुद्दा पटला. मग सरळ केबलच हाताशी असेल तर जंपर दुसऱ्याच जागेवर ठेवून ड्राइव्ह बी म्हणून वापरावी. बऱ्याच पेंटियम काळातल्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ए आणि बी ची अदलाबदल करायचा पर्यायही असतो, तो चालू केला की तीच ए होते.

पिन३४
एक जोड देतो. 'दुसरी जागा' शोधताना ड्राइव्हवर छापलेलं नीट वाचा. काही कंपन्या मोजणी शून्यापासून करतात (डीएस०, डीएस१...), काही एकपासून (डीएस१, डीएस२...). पहिल्या प्रकारात हवा तो डीएस१, दुसऱ्या प्रकारात डीएस२. नाव तेच, जागा वेगळी. तुमची ड्राइव्ह ३८६ मधून काढलेली आहे म्हणजे जंपर आधीच बरोबर असणार. तसेच ठेवा. साडेतीन इंची पीसी ड्राइव्हवर तर बहुतेक वेळा जंपर नसतातच, कारखान्यातूनच त्या दुसऱ्या जागेवर पक्क्या केलेल्या असतात.

आणि एक खबरदारी. जुन्या एमएफएम हार्ड डिस्कचीही ३४ तारांची केबल असते आणि तिलाही पीळ असतो! फक्त तो २५ ते २९ या तारांत असतो. दोन्ही केबल एकाच खोक्यात सापडतात आणि दिसतात सारख्या. लाल कडेपासून तारा मोजा. लाल कड म्हणजे एक नंबर. पीळ दहाव्या तारेपासून सुरू होत असेल तरच ती फ्लॉपीची.

रामबागकर
मोजल्या. दहा ते सोळा, सात तारा. लाल कडेच्याच बाजूला आहे. मंडळी, किती आभार मानू!

आता पुढचा प्रश्न. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या मागे पिना नाहीत, सर्किटचीच सोनेरी पट्ट्यांची जीभ बाहेर आली आहे. साडेतीनला पिना आहेत. या केबलवर दोन्ही प्रकारचे कनेक्टर आहेत, एकूण पाच. पाच ड्राइव्ह लागतात का हिच्यावर?

जेलरोडवाला
पाच ड्राइव्ह! काकांचं दुकान होतं की डेटा सेंटर?

पिन३४
दोनच लागतात. ती सर्वोपयोगी केबल आहे: एक टोक बोर्डाला, पिळाआधी एक जोडी, पिळानंतर एक जोडी. प्रत्येक जोडीत एक जिभेसाठी आणि एक पिनांसाठी. जोडीतलं एकच वापरायचं. पिनांची क्रमवारी दोन्हीकडे तीच आहे, फरक फक्त आकाराचा.

जिभेवर एका बाजूला छोटी खाच असते, तिसऱ्या-पाचव्या पट्टीच्या मध्ये. कनेक्टरमध्ये तिथे आडवी पट्टी असेल तर उलटा बसणारच नाही. स्वस्त कनेक्टरमध्ये ती पट्टी नसते. मग लाल कड खाचेच्या बाजूला ठेवायची. साडेतीन इंची ड्राइव्हवर एक नंबर बहुतेकदा विजेच्या सॉकेटकडे असतो, पण सगळ्यांवर नाही. छापलेला आकडा बघूनच लावा.

नीलिमा_आर
माझ्याकडे नेमकं हेच झालंय बहुधा. पीसी सुरू केल्यापासून ड्राइव्हचा हिरवा दिवा विझतच नाही. आणि मोटरही फिरत राहते.

चुंबक
@नीलिमा_आर, लगेच बंद करा, आणि आत फ्लॉपी असेल तर आधी काढा.

केबल उलटी बसली आहे. उलटी बसली की ड्राइव्हची प्रत्येक सम पिन समोरच्या विषम तारेला, म्हणजे ग्राउंडला जाते. फ्लॉपीच्या जगात संदेश 'खाली' असला की तो 'चालू' धरतात. त्यामुळे निवड चालू, मोटर चालू. दिवा त्यामुळेच जळतो. ड्राइव्ह यात जळत नाही, केबल फिरवली की ती पूर्ववत चालते. पण २४ नंबरची पिन म्हणजे लिहिण्याचं दार, तीही ग्राउंडला जाते. आत लिहिण्यायोग्य फ्लॉपी असेल तर वाचण्या-लिहिण्याचं डोकं ज्या ट्रॅकवर (तबकडीवरच्या गोल पट्ट्यावर) उभं आहे तो पुसला जातो, आणि ते सहसा शून्य ट्रॅकवर उभं असतं. फ्लॉपीची अनुक्रमणिका तिथेच असते.

सगळ्यांसाठी ठळक अक्षरात: नवी जोडणी पहिल्यांदा चालू करताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी ठेवू नका. दिवा सुरुवातीला क्षणभर लागून विझला तरच पुढे जा. आणि प्रत्येक फ्लॉपी आधी लेखनबंद करा. सव्वापाच इंचीवर कडेची खाच चिकटपट्टीने *झाकायची*. साडेतीनवर सरकपट्टी सरकवून भोक *उघडायचं*. दोन्हींचं उलट आहे हे घाईत विसरायला होतं. लेखनबंद फ्लॉपीवर उलटी केबलसुद्धा काही लिहू शकत नाही.

नीलिमा_आर
फ्लॉपी आत नव्हती. केबल फिरवली, दिवा विझला, ए ड्राइव्ह दिसायला लागली! अगदी वेळेवर वाचलं हे, खूप खूप धन्यवाद.

बडोदेकर
विजेबद्दल कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून बडोद्याहून मी लिहितो. सव्वापाच इंचीला मोठा चार पिनांचा सॉकेट असतो, हार्ड डिस्कला असायचा तोच: पहिली पिन १२ व्होल्ट (पिवळी), मधल्या दोन ग्राउंड (काळ्या), चौथी ५ व्होल्ट (लाल). साडेतीनला छोटा सॉकेट असतो आणि त्यात क्रम उलटा: पहिली ५, चौथी १२. मोठा सॉकेट कडा तिरक्या असल्यामुळे उलटा जात नाही. छोटा मात्र जोर लावला की एक पिन सरकूनही बसतो. केबल उलटी लागली तर ड्राइव्हला काही होत नाही, १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले तर ती गेलीच. हाताने चाचपून नव्हे, टॉर्च लावून बघत बसवा.

सुधा_ताई
रामबागकर, तुम्ही डीटीपी म्हणालात आणि मी थांबूच शकले नाही. मी १९९१ पासून इंदुरातच हे काम केलं. आम्ही सव्वापाच इंची फ्लॉपी हातात धरताना अंगठा त्या उघड्या खिडकीला लागू द्यायचो नाही, आणि लेबलावर बॉलपेनने लिहायचं नाही, स्केचपेननेच, हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. तुमच्या काकांच्या फ्लॉप्यांवर लेबलं असतील तर ती उतरवून घ्या, त्यावर सॉफ्टवेअरचं नाव असायचं. पुढे ते फार लागेल.

मिलच्या झाँक्यांवरचे लेख म्हणजे सोनं आहे हो. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी अनंत चतुर्दशीची तिची झाँकी निघत राहिली. कामगारांनी त्या कशा उभ्या केल्या हे नावानिशी कोणी लिहून ठेवलं असेल तर ते वाचायला मिळायलाच हवं.

रामबागकर
ताई, लेबलं आहेत! 'वेंचुरा', 'वर्डस्टार' आणि काहींवर नुसतं 'गणपती ९३', 'गणपती ९४'. सगळ्यांचे फोटो आजच काढतो.

वीजतंत्री
आता सुसंगतीचा मुद्दा, तो तारांपेक्षा मोठा आहे. तुमची ड्राइव्ह १.२ एमबीची, आणि खोक्यात ३६० केबीच्याही फ्लॉप्या असणार. दोन्ही दिसायला सारख्याच. ३६० वाली ४० ट्रॅकची, १.२ वाली ८० ट्रॅकची. १९८४ च्या एटी पीसीबरोबर १.२ आली तेव्हा तिचं डोकं जवळजवळ निम्म्या रुंदीचं केलं गेलं. त्यामुळे १.२ ची ड्राइव्ह ३६० ची फ्लॉपी *वाचते* छान, एक सोडून एक पाऊल टाकत. पण त्याच ड्राइव्हने जुन्या ३६० फ्लॉपीवर *लिहिलं* तर रुंद ट्रॅकच्या मधोमध अरुंद पट्टा लिहिला जातो, दोन्ही कडांना जुना मजकूर उरतो, आणि खऱ्या ३६० ड्राइव्हला दोन्ही एकदम दिसून काहीच कळत नाही. तेव्हा वाचा, लिहू नका.

३६० ड्राइव्ह १.२ ची फ्लॉपी वाचू शकत नाही, कारण १.२ चे ८० अरुंद ट्रॅक तिच्या रुंद डोक्याला वेगळे करता येत नाहीत. शिवाय तिचा वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांचा आणि १.२ चा ३६०. तुमच्याकडे १.२ आहे हे उत्तम, तिच्यावर दोन्ही होतील.

पिन३४
आणि माझ्या नावाची पिन राहिली. :) पीसीला ३४ वर 'फ्लॉपी बदलली' हा संदेश हवा असतो. शुगार्ट पद्धतीच्या संगणकांना, उदाहरणार्थ अमिगाला, त्याच पिनेवर 'ड्राइव्ह तयार आहे' हा संदेश हवा. अमिगात 'बदलली' हा संदेश २ नंबरवर जातो, आणि पीसीत २ नंबर घनता (फ्लॉपीवर मजकूर किती दाट लिहायचा ते) निवडायला आहे. केबल बसते, वीज बसते, दिवा लागतो, तरी ड्राइव्ह आणि संगणक एकमेकांचं ऐकत नाहीत ते याच दोन पिनांमुळे.

पीसीवर याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. पहिल्या फ्लॉपीची यादी दिसते, फ्लॉपी बदलता, पुन्हा यादी मागता, तर तीच जुनी यादी येते. लोकांना वाटतं फ्लॉपी खराब आहे. तसं नसतं, पीसीला फ्लॉपी बदलल्याचं कळलेलंच नसतं. या अवस्थेत दुसऱ्या फ्लॉपीवर काही लिहिलंत तर पहिलीची अनुक्रमणिका दुसरीवर उमटते आणि दुसरी संपते. दिसलं की थांबा, ३४ ची तार तुटली आहे का पाहा, ड्राइव्हवर ३४ साठी वेगळा जंपर असेल तर तो तपासा.

जेलरोडवाला
भुतांची यादी! १९९५ साली कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे बघून आम्ही तो पीसी झपाटलेला ठरवला होता. आज कारण कळलं.

ग्वाल्हेरी
मी वेगळं सुचवू का? एवढा खटाटोप कशाला, यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन सहज मिळते. ती घ्या.

चुंबक
ती साडेतीन इंचीपुरती. त्यातही ७२० केबी आणि १.४४ हेच साचे वाचते, एखादा सेक्टर (ट्रॅकचा तुकडा) खराब निघाला की हात वर करते, आणि आतलं काहीच आपल्या ताब्यात नसतं. सव्वापाच इंचीसाठी ती नाहीच.

पेंटियम ४ वर थेट जोडणं हा चांगला मार्ग आहे. त्याहून चांगला हवा असेल तर ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड बघा. कीर फ्रेझर यांनी तो बनवून सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हीच ३४ पिनांची केबल, पिळासकट. तो फाइली मागत बसत नाही, फ्लॉपीवर चुंबकीय बदल कोणत्या क्षणी झाले तेच टिपून घेतो. त्याला फ्लक्स म्हणतात. एकदा ते टिपलं की फ्लॉपी बाजूला ठेवून मजकूर सावकाश काढता येतो, वाटेल तितक्या वेळा. काकांच्या लेखांसारख्या एकुलत्या एक प्रतीला हाच मार्ग योग्य, कारण कमकुवत फ्लॉपी कमीत कमी वेळा फिरवावी लागते.

वीज मात्र वेगळी द्यावी लागेल. सव्वापाच इंचीला १२ व्होल्ट हवेत आणि यूएसबी ५ च देतो. जुन्या हार्ड डिस्क यूएसबीने जोडायच्या किटमध्ये ५ आणि १२ दोन्ही देणारा अडॅप्टर असतो, तो पुरतो.

ग्वाल्हेरी
हे माहीत नव्हतं. छान माहिती. आमच्याकडेही संगीत समारोहाच्या पत्रकांच्या फ्लॉप्या आहेत, मी मागे लागतो.

बडोदेकर
वाचायला बसण्याआधी फ्लॉप्यांची तपासणी करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येते. सव्वापाच इंचीची खिडकी उजेडात धरा आणि मधल्या भोकात बोट घालून तबकडी हळू फिरवा. पांढरे ठिपके किंवा धुरकट डाग दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी डोक्यावर चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने, दाब न देता पुसा. इंदुरात महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात ते मिळायला हरकत नाही. वाचताना घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबून परत डोकं पुसा.

सुधा_ताई
बडोदेकरांशी शंभर टक्के सहमत. आणि काकांना विचारा, ते असतील तर, फ्लॉप्यांच्या खोक्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायचे का. आम्ही ठेवायचो.

रामबागकर
काका नाहीत आता, ताई. पण पुरचुंडी सापडली खोक्यात. आतले तांदूळ पिवळे पडलेत, फ्लॉप्या मात्र बऱ्याचशा स्वच्छ आहेत.

नीलिमा_आर
हे वाचून भरून आलं.

रामबागकर
कळवायला उशीर झाला. ग्रीसवीझल मागवला, हार्ड डिस्कच्या किटचा अडॅप्टर घरात होताच. सव्वापाच इंची ड्राइव्ह पिळाच्या पुढच्या जोडीवर, जंपरला हात न लावता. फ्लॉपीशिवाय चालू केली, दिवा लागून विझला. डोकं पुसलं. मग 'गणपती ९३' लेखनबंद करून घातली.

वाचली गेली. पहिल्या फेरीतच, एकही सेक्टर न गाळता.

खोक्यातल्या बहुतेक फ्लॉप्या अशाच निघाल्या. काही डागाळलेल्या आहेत, त्या बडोदेकरांच्या सांगण्यानुसार बाजूला ठेवल्या. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार... मिलच्या नावाने फाइली आहेत. पण उघडल्या की वर्डस्टारच्या फाइलींत चिन्हांची खिचडी दिसते, आणि वेंचुराच्या फाइली तर उघडतच नाहीत. हे फ्लॉपी खराब असल्याचं लक्षण आहे का?

सुधा_ताई
नाही, अजिबात नाही! मजकूर शाबूत आहे.

वर्डस्टारमध्ये मराठी टाइप करायचं तर त्या काळी संगणकात सीडॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं) असायचं. त्यातला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकी संकेतात साठतो. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे तो जवळजवळ अक्षरास अक्षर बदलता येतो, रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. एक लक्षात ठेवा: वर्डस्टार काही ठिकाणी अक्षराच्या आठव्या बिटाशी खेळतं, म्हणून 'दस्तऐवज' म्हणून साठवली आहे की साधा मजकूर म्हणून, ते आधी बघा.

वेंचुरा हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, त्याची गोष्ट वेगळी. सीएचपी शेपटीच्या फाइलीत मजकूर नसतोच. त्यात फक्त पानाची रचना आणि 'मजकूर अमुक ड्राइव्हवर अमुक फाइलीत आहे' असा पत्ता असतो. मजकुराची फाइल शेजारी वेगळी असेल. ती शोधा. तो मजकूर फाँटच्या संकेतात असेल, म्हणजे कोणता फाँट होता हे कळल्याशिवाय उलगडणार नाही. म्हणून म्हणत होते, लेबलं उतरवा.

रामबागकर
सीएचपी फाइल मजकूर-संपादकात उघडली. आतमध्ये बी ड्राइव्हचा पत्ता दिसतोय! काकांच्या डब्यात बी म्हणजे साडेतीन इंची असणार, म्हणजे लेखांचा मजकूर तिच्या फ्लॉप्यांवर आहे. त्या फ्लॉप्यांकडे मी अजून वळलोच नव्हतो.

चुंबक
अप्रतिम! साडेतीन इंची आता त्याच केबलवर पिळाच्या पुढे, पिनांच्या कनेक्टरवर लावा, सव्वापाच इंची काढून. दोन्ही एकदम लावायची गरज नाही, एका वेळी एकच ठेवली की घोळ कमी.

वीजतंत्री
आणि १.४४ च्या ड्राइव्हमध्ये ७२० केबीची फ्लॉपी आली तर कोपऱ्यातलं दुसरं भोक नसेल. बऱ्याच ड्राइव्ह त्या भोकावरूनच घनता ओळखतात. त्या काळी पैसे वाचवायला लोक ७२० च्या फ्लॉपीला ड्रिलने भोक पाडून १.४४ म्हणून वापरायचे. भोक खडबडीत, हाताने पाडलेलं दिसलं तर त्या फ्लॉपीला सगळ्यात आधी वाचा, ती सगळ्यात आधी दगा देते.

रामबागकर
खडबडीत भोकाच्या दोन निघाल्या. एकीवर शेवटचे काही ट्रॅक अजून वाचता येत नाहीत, दुसरी पूर्ण वाचली. सुधाताईंना मजकुराची फाइल आणि लेबलाचा फोटो निरोपातून पाठवला आहे.

सुधा_ताई
मिळाली. फाँट ओळखला, आम्ही तोच वापरायचो. तक्ता माझ्याकडे वहीत आहे, जोडाक्षरांसकट. राजकुमार मिलचा लेख या आठवड्यात युनिकोडमध्ये करून पाठवते. पहिल्या परिच्छेदात झाँकीचे सुतार, विजेचं काम करणारे, रंगारी, सगळ्यांची नावं आहेत.

पिन३४
ज्या फ्लॉपीचे शेवटचे ट्रॅक वाचत नाहीत तिच्यासाठी: डोकं पुन्हा पुसा आणि दुसऱ्या साडेतीन इंची ड्राइव्हवर प्रयत्न करा. प्रत्येक ड्राइव्हचं डोकं केसाएवढं इकडे-तिकडे असतं, आणि ज्या ड्राइव्हने लिहिलं तिच्याशी जुळणारी मिळाली की वाचलं जातं. माझ्याकडे दोन जादा आहेत, दोन्ही पीसीच्याच, ३४ वर 'बदलली' देणाऱ्या. सुदामानगरहून कोणाबरोबर पाठवू?

रामबागकर
मीच येतो घ्यायला, रविवारी सकाळी. पोहे माझ्याकडून.

चुंबक
आणताना आणि ठेवताना एवढं करा: सव्वापाच इंची ड्राइव्हच्या तोंडात पुठ्ठ्याचा तुकडा घालून कडी बंद करा, म्हणजे दोन्ही डोकी एकमेकांवर आपटत नाहीत. नव्या ड्राइव्हबरोबर असाच पुठ्ठा यायचा. फ्लक्सच्या फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि केबलवर स्केचपेनने लिहून ठेवा, 'फ्लॉपी, १० ते १६', म्हणजे पुढच्या वेळी कोणी ती सरळ करायला घेणार नाही.